राही आणि राही: एक राधेची, एक रस्त्याची

मुलीचं नाव राही ठेवलं म्हटलं की नागपुरात दोन प्रश्न ठरलेले. 'हिंदी नाव कशाला ठेवलं?' हा पहिला. 'राही म्हणजे तर मुसाफिर, मुलाचं नाव आहे नं ते?' हा दुसरा. मग आईबाप सारवासारव करतात, आयुष्याच्या वाटेवरची प्रवासी वगैरे काहीतरी सांगून वेळ निभावून नेतात. नावांच्या पुस्तकांत आणि इंटरनेटवरच्या याद्यांत तर हे पक्कंच करून टाकलेलं आहे: राही, अर्थ प्रवासी, मूळ फारसी, मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल. यातलं काही खोटं नाही. पण हे एका राहीबद्दल आहे. दुसरी राही, जी आपल्याच भाषेच्या पोटातून आली, जिला पंढरपुरात देवघर आहे आणि जिचं नाव आपण आरतीत रोज घेतो, ती या याद्यांतून सरळ गाळली जाते. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून एकदा नीट लिहितो.

फारसी राही सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. राह म्हणजे वाट, राही म्हणजे वाटेवरचा. आपल्या रहदारी या शब्दात तोच राह आहे. हिंदी-उर्दूत राही हा पुल्लिंगी शब्द, कवी-लेखकांनी टोपणनाव म्हणून आवडीने घेतलेला. दूरदर्शनवरच्या महाभारत मालिकेचे संवाद लिहिणारे राही मासूम रज़ा हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. इथल्या माणसाच्या कानात हिंदी लहानपणापासून असते. त्यामुळे राही ऐकल्याबरोबर वाट आठवणं इथे अगदी साहजिक आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला कदाचित आधी पंढरपूर आठवेल, आपल्याला आधी हिंदी गाणं आठवतं.

आता मराठी राही. ती राधिका आहे. 'राधिकेसारखी' नाही, 'राधिकेवरून सुचलेली' नाही. राधिका हाच शब्द शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात राहून राही झाला.

कसा झाला ते बघा. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला ध प्राकृतात हलका होऊन ह होतो. हा काही दुर्मिळ प्रकार नाही, आपण रोज ज्या शब्दांनी जेवतो-बोलतो त्यांत तो आहे. दधि, दही. गोधूम, गहू. बधिर, बहिरा. आणि ज्या मोहाच्या फुलांनी विदर्भातलं रान चैत्रात घमघमतं तो मोह म्हणजे संस्कृतातला मधूक. त्यातला ध असाच ह झाला. त्याच रीतीने राधिकेतला ध गेला आणि ह आला. शेवटच्या 'इका'तला क आधी गळला, राहिआ असं रूप उरलं, आणि मग ते दोन स्वर मिटून ई झाली. शाटिकेची साडी, मृत्तिकेची माती, मक्षिकेची माशी झाली ती याच वाटेने. राधिका, राहिआ, राही.

ही राहिआ कोणा अभ्यासकाने सोयीसाठी कल्पिलेली मधली पायरी आहे असं वाटत असेल तर तसं नाही. ती लिखित आहे, आणि महाराष्ट्री प्राकृतात आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाहासत्तसई या सातशे गाथांच्या संग्रहात, पहिल्या शंभरातली ८९वी गाथा बघा. कृष्ण तोंडाने फुंकर घालून राधिकेच्या अंगावरची गाईंच्या पायांची धूळ उडवतो आहे, आणि ते करताना बाकीच्या गवळणींचा तोरा उतरवतो आहे. गाथेची सगळी गंमत 'गोरअ' या एका शब्दावर उभी आहे, कारण प्राकृतात गोरज आणि गौरव या दोघांचंही रूप गोरअ असंच होतं: एकीच्या अंगावरची धूळ हरायची आणि दुसऱ्यांचा गौरव हरायचा. या गाथेत कृष्णाला कण्ह म्हटलंय आणि राधिकेला राहिआ. राधेचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून जाणकार याच गाथेकडे बोट दाखवतात. भागवत पुराणात राधेचं नाव स्पष्ट येत नाही, आणि जयदेवाचं गीतगोविंद थेट बाराव्या शतकातलं. म्हणजे राधा आपल्याला जुन्यातल्या जुन्या ठिकाणी भेटते ती मराठीच्या पूर्वज भाषेत, आणि राधा म्हणून नाही, राहिआ म्हणून.

आणि इथेच माझा खरा आक्षेप आहे. त्या गाथेतला कण्ह पुढे कान्हा झाला, कान्होबा झाला. कान्हा हे कृष्णाचंच नाव आहे यावर कोणी शंका घेत नाही. त्याच ओळीत, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या राहिआची राही झाली, तर तिला मात्र आपण 'कुठून आलीस गं' विचारतो. एकाच घरातली दोन माणसं, एकाला पाट आणि दुसरीला उंबरठा. हे बरोबर नाही.

दोन्ही राहींचा घोळ होतो तो शेवटच्या ई मुळे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दोन्ही नावं लिहायला एक, म्हणायला एक. पण त्यांच्या शेवटी आलेली ई एक नाही. फारसी राहीतली ई ही 'चा, ची, चे' सांगणारी ई आहे. शहरचा तो शहरी, सरकारचं ते सरकारी, दरबारातलं ते दरबारी, तसा राहेवरचा तो राही. या ईला लिंग नाही. शहरी मुलगा, शहरी मुलगी, शहरी वातावरण, तिन्ही चालतात. मराठी राहीतली ई ही 'इका'ची ई आहे, म्हणजे जन्मतःच स्त्रीलिंगी. साडी, माती, माशी यांच्याबद्दल 'तो साडी' असं कोणी म्हणत नाही. मराठी राहीही तशीच 'ती'च आहे. म्हणून 'मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल' हा शेरा फारसी राहीला लागू आहे, मराठी राहीला नाही. आणि 'बाईला वाटसरूचं पुल्लिंगी नाव कसं' हा आक्षेप फारसी राहीवर घेता येईल, मराठी राहीवर घ्यायची सोयच नाही. मधल्या हचंही तसंच: फारसीत तो मुळातला ह आहे, मराठीत तो ध चा झालेला. अक्षरं जुळली हा निव्वळ योगायोग.

ज्यांना व्युत्पत्तीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी माणसांकडे बोट दाखवतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, गावठी बियाणं जपणाऱ्या, बीजमाता म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी. त्यांचा जन्म १९६४ चा. सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी घरात त्या काळी लेकीचं नाव उर्दू शायरीतून काढत नव्हते. खेड्यापाड्यांत राहीबाई, राईबाई नावाच्या म्हाताऱ्या होत्या आणि आहेत. शहरात ते नाव मागे पडलं, मग बाई गळून नुसतं राही म्हणून परत आलं, आणि तोवर आपण ते विसरलो होतो. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हापासून निदान 'हे मुलीचं नाव असतं का' हा प्रश्न तरी कमी ऐकू येतो.

दुसरा घोळ राही आणि रखुमाईचा. विठ्ठलाच्या आरतीत 'राई रखुमाबाई राणीया सकळा' म्हणताना पुष्कळ लोक हे एकच लांब नाव समजून म्हणतात. काही जण तर 'राणी रखुमाबाई' म्हणतात, त्यात राही पूर्णच नाहीशी होते. 'राणीया सकळा' म्हणजे सगळ्या राण्या, अनेकवचन आहे. आणि ध्रुवपद तर सरळच आहे: रखुमाई वल्लभा, राईच्या वल्लभा. दोघी वेगळ्या आहेत म्हणून दोनदा म्हटलंय. शिवाय पंढरपूरची कथाच त्या दोघींच्या वेगळेपणावर उभी आहे. राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली, दिंडीरवनात निघून गेली, आणि तिला शोधत देव पंढरीला आला. रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या मागे वेगळं आहे ते त्या रुसव्यामुळे, अशी श्रद्धा. सत्यभामा आणि राही यांनाही त्या मंदिरात आपापली जागा आहे. जिच्यामुळे रुसवा झाला आणि जी रुसली, त्या दोघींना एक करून कसं चालेल?

रखुमाई ही अर्थातच रुक्मिणी, आणि रुक्मिणी आपली, विदर्भाची. रुक्म म्हणजे सोनं. भीष्मकाची ही मुलगी, रुक्मी हा भाऊ, आणि कुंडिनपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर. तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. महानुभावांच्या महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले ते याच मुलीच्या लग्नाचे. रुक्मिणीतलं क्म हे जोडाक्षर लोकांच्या तोंडी फुटलं, क चा ख झाला, उ एक घर पुढे सरकला, मागून आई जोडली गेली, आणि रखुमाई तयार झाली. रखमा, रुखमा, रखमाई, रखमाबाई ही सगळी तिचीच रूपं. बालविवाह नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई (१८६४ ते १९५५) याच नावाच्या.

इथे एक गोष्ट मला अजिबात खपत नाही: रुख्मिणी. हे धड संस्कृत नाही आणि धड मराठीही नाही. क्म ठेवायचा तर रुक्मिणी लिहा. ख हवा तर जोडाक्षर मोडून रखुमाई, रखमा म्हणा, ते हजार वेळा म्हणा. पण संस्कृतातलं जोडाक्षर जसंच्या तसं ठेवून त्यात बोलीतला ख कोंबायचा हे दोन्हीकडचं नुकसान आहे. लग्नपत्रिकेत, मंदिराच्या कमानीवर, शाळेच्या दाखल्यात सर्रास दिसतं. 'रुक्मीणी' ही दीर्घ मी तर विचारूच नका.

बाकी किरकोळ. राई म्हणजे मोहरी ती राजिकेवरून, तिचा राहीशी संबंध नाही. आमराईतली राई आणखी वेगळी. राहू ग्रहाशी नाव जुळतं म्हणून काही आज्या नाक मुरडतात. त्यांना आरतीतली ओळ म्हणून दाखवली की बहुधा पुरतं. अनुराधा हे नक्षत्राचं नाव: विशाखा नक्षत्राचं जुनं नाव राधा, तिच्या मागून येणारी ती अनुराधा. त्यामुळे अनुराधा म्हणजे 'राधेची भक्त' हा अर्थ मागाहून लावलेला आहे. आणि वैदर्भी, जे आपल्याकडे हल्ली पुष्कळ ऐकू येतं, ते एकट्या रुक्मिणीचं नाव नाही. दमयंतीही वैदर्भी, लोपामुद्राही वैदर्भी. छान नाव आहे, जरूर ठेवा, पण 'वैदर्भी म्हणजेच रुक्मिणी' असं सांगू नका.

राही लिहावं की राई? दोन्ही रूपं खरी आहेत, आरतीतही पाठागणिक दोन्ही सापडतात. तरी मी राहीच लिहा म्हणेन. त्यात तो ह टिकून आहे, म्हणजे राधेतला ध कुठे गेला त्याचा माग आहे, आणि मोहरीशीही घोळ होत नाही.

आणि फारसी अर्थ मनात धरून कोणी मुलीचं नाव राही ठेवलं असेल तर त्यातही कमीपणा काही नाही. वाटेवर चालणारी मुलगी हा सुंदर अर्थ आहे, आणि फारसीतून आलेले शेकडो शब्द मराठीने कधीच आपले केले आहेत. माझं मागणं एवढंच, की आईबापांना आपण कोणती राही निवडली हे माहीत असावं. पुढच्या आषाढात धापेवाड्याला, आपल्या विदर्भाच्या पंढरीला, मुलीला घेऊन जाल तेव्हा आरतीत तिचं नाव येईल. ते ऐकून ती विचारेल, 'हे माझंच नाव आहे का?' त्या वेळी तिला 'नाही गं, तू मुसाफिरवाली' म्हणायचं की 'हो, तूच ती' म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवा.