बिजागरी (दाराची)

दाराची फळी चौकटीला जोडून फिरती ठेवणारा सांधा. नेहमीच्या बिजागरीत दोन पाती आणि त्यांच्या गुंडाळलेल्या कडांतून जाणारी खीळ असते.

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या दारांना पुष्कळदा बिजागरी नसतेच. फळीच्या कडेला वर आणि खाली गोल खुंटी काढलेली असते आणि ती उंबऱ्यातील व वरच्या लाकडातील खळग्यांत फिरते. या पद्धतीच्या प्राचीनतेबद्दल वाद नाही; मेसोपोटेमियात इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील कोरीव लेखांचे असे दगडी खळगे सापडले आहेत. पात्याची बिजागरी वाड्यांत केव्हा शिरली हे मात्र सांगणे अवघड. इंग्लंडमध्ये ओतीव लोखंडी बिजागरीचे पेटंट १७७५ मधले, त्यामुळे विश्रामबागवाडा (सु. १८०७) उभा राहताना ती इथे अशक्य नव्हती. तरी दाराच्या वयावरून बिजागरीचे वय धरू नये. टोकदार स्क्रू १८४० नंतरच रुळले. तसा स्क्रू मूळ भोकात निघाला, तर बिजागरी पेशवाईनंतर बसवलेली असण्याचा संभव अधिक.

निवडीचे मर्म भार कुठे पडतो यात आहे. खुंटीच्या दाराचा भार उंबऱ्यावर उतरतो, बिजागरीच्या दाराचा चौकटीला लटकतो आणि वरची बिजागरी उपटू पाहतो. ३० किलोची, ९० सेंमी रुंद फळी १६० सेंमी अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगली, तर वरच्या बिजागरीवर सुमारे साडेआठ किलोची आडवी ओढ येते. रुंदी दुप्पट केली की वजनही दुप्पट, म्हणून ओढ चौपट. खुंटीच्या दाराला दुरुस्तीत बिजागऱ्या ठोकल्या की जुनी चौकट चिरते ती यामुळेच. तिसरी बिजागरी मध्यभागी असावी (फळी वाकत नाही) की वरच्या बिजागरीजवळ, याबाबत दोन मते आहेत. जड सागवानी दाराला दुसरे अधिक सयुक्तिक वाटते. पावसाळ्यात दार घासू लागले की सुतार सरसकट खालची कड रंधतो. पण फरशीवरचा ओरखडा कडीच्या बाजूलाच खोल असेल, तर लाकूड फुगण्यापेक्षा वरचे स्क्रू सैल झाल्याचा संशय आधी घ्यावा.

खोलीच्या फ्लश (दोन्ही बाजूंनी सपाट) दाराला चार इंची तीन बिजागऱ्या, मुख्य दाराला पाच इंची चार, हा सर्वसाधारण प्रघात. न्हाणीघरात साधे पोलाद गंजते. तिथे स्टेनलेस स्टील घ्यावे. फळी पूर्ण वळवून भिंतीला टेकवायची असेल तर पुढे आलेल्या खिळीची पार्लमेंट बिजागरी लागते (भारतीय मानक ३६२, पोलादी साध्या बिजागरीसाठी १३४१, अलोह धातूंसाठी २०५). दोन्हीकडे उघडणाऱ्या दाराला स्प्रिंगची, जड काचेच्या दाराला जमिनीत बसवलेली फ्लोअर स्प्रिंग. कपाटांसाठी ३५ मिमी वाटीची लपती बिजागरी आता सर्वत्र आहे. रविवार पेठेत बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत ती मागताना पल्ला कपाटाच्या कडेवर पूर्ण येतो, अर्धा येतो की आत बसतो, एवढे सांगावे लागते.