प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानांकन: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

सोलापूर जिल्ह्यात सरकारी दवाखाना म्हटलं की शहरातलं सिव्हिल आठवतं. पण करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या ११ तालुक्यांत आजारी माणूस पहिली पायरी चढतो ती प्राथमिक आरोग्य केंद्राची. ताप, विंचू, साप, बाळंतपण, बीपीच्या गोळ्या, सगळं आधी तिथंच. त्या केंद्रात मिळणारी सेवा सुरक्षित आहे का, हे तपासून प्रमाणपत्र देणारी केंद्र सरकारची पद्धत म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं, सगळ्यांच्या तोंडी एनक्यूएएस. २०१३ मध्ये जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात झाली, नंतर ती ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रांपर्यंत आली.

ही माहिती वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टरांसाठी आहे, तशीच रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या सरपंच-सदस्यांसाठीही. एक गोष्ट आधीच सांगते. यात अर्ज हा अगदी शेवटचा टप्पा आहे. फाइल रंगवून, भिंतींवर तक्ते चिकटवून मानांकन मिळवायला निघालेलं केंद्र परीक्षकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

कुणी कुठून जायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं, म्हणजे आताची आयुष्मान आरोग्य मंदिरं, जिल्हा परिषदेकडे येतात. त्यामुळे त्यांचा प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांचा प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आणि शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रांचा महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांकडे. तिथून पुढे आरोग्य सेवेचं पुणे परिमंडळ, मग राज्याचा गुणवत्ता कक्ष, आणि राज्याच्या शिफारशीने दिल्लीतलं राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र. आरोग्य केंद्राने परस्पर दिल्लीला अर्ज धाडायचा नसतो. जिल्ह्याचे गुणवत्ता समन्वयक हा या सगळ्यातला तुमचा रोजचा माणूस, त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोलत राहा.

शहरातलं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सिव्हिल, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्याचा कारभार वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथल्या प्रसूतिगृहासाठी 'लक्ष्य' हा वेगळा कार्यक्रम आहे. खासगी रुग्णालयांची वाट एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची. ५० खाटांपर्यंतच्या छोट्या रुग्णालयांसाठी तिथे स्वतंत्र मानकं आहेत. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पात्रता

केंद्र सुरू असावं, बाह्यरुग्ण आणि नेमून दिलेल्या सेवा प्रत्यक्ष मिळत असाव्यात आणि कायद्याने लागणारे परवाने हातात असावेत. त्यानंतर स्वतःची अंतर्गत तपासणी, मग राज्याने नेमलेल्या परीक्षकांची तपासणी. त्या तपासणीत एकूण ७० टक्के किंवा जास्त गुण पडले, तरच प्रस्ताव पुढे सरकतो.

एकूण बेरीज ७० झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. विभागनिहाय, क्षेत्रनिहाय आणि काही ठरावीक मानकांना स्वतंत्र किमान गुण आहेत. ओपीडी चकाचक, पण प्रयोगशाळा ढिसाळ, अशा केंद्राचं घोडं तिथंच अडतं.

गुण कसे पडतात

तपासणी ८ क्षेत्रांत होते: सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री व मनुष्यबळ, सहायक सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. समजा तुमच्या यादीत २०० मुद्दे लागू आहेत, तर कमाल गुण ४०० आणि ७० टक्क्यांसाठी २८० हवेत. 'अर्धवट आहे' असं म्हणून १ गुण घेत गेलात तर ५० टक्क्यांवर अडकाल, हे आकडेमोड करून आधीच बघून ठेवा.

परीक्षक चार प्रकारे बघतात: स्वतः निरीक्षण करून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी चाळून आणि रुग्णाला विचारून. बहुतेक केंद्रं तयारी करतात ती तिसऱ्या प्रकाराची. घसरतात दुसऱ्या आणि चौथ्यात.

कर्मचाऱ्यांशी बोलणं म्हणजे काय, ते एका उदाहरणातून सांगते. परीक्षक प्रसूतिगृहाच्या दारातच सफाई करणाऱ्या मावशींना विचारतील, "मावशी, रक्त सांडलं तर काय करता?" तिथे मावशींनी साहेबांच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही. हातमोजे घालायचे, सांडलेल्या जागेवर शोषून घेणारं कापड टाकायचं, १ टक्का हायपोक्लोराइटचं द्रावण ओतून थांबायचं, मग पुसून ते कापड पिवळ्या पिशवीत. पुढचा प्रश्न: "द्रावण कसं करता?" ब्लिचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर १ लिटर पाण्याला साधारण ३३ ग्रॅम. वजनकाटा नसेल तर एकदाच औषधनिर्मात्याकडून मोजून घ्या आणि तेवढ्या मापाचा चमचा डब्यातच ठेवा. द्रावण रोज ताजं करायचं आणि बादलीवर वेळ लिहायची. मावशींनी हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं की परीक्षक समाधानाने पुढे जातात. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं.

रुग्णाला विचारण्याचंही तसंच. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत घरची भाषा कन्नड आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी हजारो विडी आणि यंत्रमाग कामगार कुटुंबं आहेत. 'रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती' हा हक्कांच्या क्षेत्रातला मुद्दा आहे. मराठी फलकाखाली दोन ओळी कन्नडमध्ये लिहिल्या तर थोडं भागतं. पण गोळी कधी घ्यायची, हे आजींना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं का, ते महत्त्वाचं. गावातल्या आशाताईंपैकी कोण कन्नड जाणतं, त्यांची नावं ओपीडीत लावून ठेवा.

कागदपत्रं

प्रस्तावासोबत विहित अर्ज आणि केंद्राचा माहितीतक्ता लागतो: लोकसंख्या, खाटा, मंजूर व भरलेली पदं, सेवांची आकडेवारी. राज्य तपासणीच्या भरलेल्या चेकलिस्ट व गुणपत्रक जोडायचं. विभागनिहाय कार्यपद्धती, म्हणजे एसओपी, जोडायच्या. गुणवत्ता धोरण आणि उद्दिष्टं, गुणवत्ता समितीच्या सभांची इतिवृत्तं, मागच्या तीन महिन्यांचे कामगिरीचे निर्देशांक, रुग्ण समाधान सर्वेक्षण आणि त्याचं विश्लेषण, प्रिस्क्रिप्शन ऑडिटचा, म्हणजे लिहून दिलेल्या औषधचिठ्ठ्यांच्या तपासणीचा अहवाल.

परवान्यांमध्ये जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी केलेला करार सगळ्यात आधी बघा, कारण मुदत संपलेली असण्याची शक्यता तिथंच जास्त. अग्निसुरक्षेची कागदपत्रं लागतात. सोनोग्राफी यंत्र असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी, एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची. नसलेल्या सेवेची कागदपत्रं कुणी मागत नाही.

एसओपीबद्दल एक विनंती. शेजारच्या केंद्राच्या एसओपीवर नाव बदलून पाठवू नका. जे यंत्र तुमच्याकडे नाही ते चालवायची पद्धत त्यात निघते, आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. तुमच्या सिस्टर रात्रपाळीला खरोखर काय करतात ते त्यांच्याशी बसून लिहा. चार पानं कमी झाली तरी चालतील.

छोटं संशोधन: अर्जाचा खरा आधार

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या क्षेत्रात सुधारणेचं चक्र दाखवावं लागतं: नियोजन, कृती, पडताळणी, दुरुस्ती. हे नाव ऐकून बरेचजण बिचकतात. वहीपेन्सिल पुरते. पार्टोग्राफचं, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवायच्या तक्त्याचं उदाहरण घ्या. गर्भाशयमुख ४ सेंटिमीटर उघडल्यापासून बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाने, रक्तदाब दर चार तासांनी नोंदवायचा असतो. मागच्या महिन्यातले बाळंतपणाचे केसपेपर काढा, पूर्ण भरलेले पार्टोग्राफ किती ते मोजा. कितीही कमी निघाले तरी तोच आकडा लिहा. मग सिस्टरांना विचारा, भरायचं का राहून जातं? उत्तरं साधी असतात: कागद ऑफिसच्या कपाटात असतो, रात्री एकटीच असते, प्रसूतिगृहात घड्याळ नाही. त्यातलं एक कारण निवडा. कागद क्लिपबोर्डला लावून टेबलाशी टांगा, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. आलेख भिंतीवर लावा. आकडा हलला नाही, तर दुसरं कारण धरा.

याने जीव वाचतात का? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०० हून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुण्यासह पाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तातला संसर्ग मोठ्या प्रमाणात घटला. तिथे यादी होतीच, पण एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता आणि वरिष्ठ त्यामागे उभे होते. आपल्याकडे उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांच्या सवयी सुधारल्या, पण नवजात मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असं मला मनापासून वाटतं. यादीवर खूण करून काम संपत नाही. औषध, रक्त, मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी आणि निर्णय घेणारा माणूस वेळेवर हवा.

केंद्रातल्या केंद्रात, रुग्णाचं नाव न वापरता केलेली अशी मोजणी हे रोजच्या कामाचाच भाग आहे. पण तिचा शोधनिबंध करायचा विचार असेल तर सुरुवात करण्याआधीच संस्थात्मक नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या, नंतर मिळत नाही. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातल्या शिक्षकांशी बोला.

वैद्यकीय अधिकाऱ्याची भूमिका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना साधारण दर १० रुग्णांमागे एकाला काही ना काही इजा होते. त्यामुळे ज्या केंद्राच्या घटना-नोंदवहीत वर्षभर एकही ओळ नाही, तिथे चुका होत नाहीत असं नव्हे, तिथे बोलायची सोय नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनांपैकी चुकीचं हातात आलं आणि सिस्टरांनी टोचायच्या आधी ओळखलं, तर ती नोंद सोन्यासारखी आहे. सिस्टर ती सांगायला आल्यावर साहेबांचं पहिलं वाक्य काय असतं, यावर पुढची नोंद येणार की नाही ते ठरतं. "बरं झालं सांगितलंत, दोन्ही कुठं ठेवली होती ते बघू" असं म्हणा, आणि त्याच दिवशी कप्पे वेगळे करा. महिन्याच्या सभेत शिपायापासून सगळ्यांना बसवा, आणि इतिवृत्तात ठरलेल्या कामासमोर नाव व तारीख लिहा.

त्रुटी भरून काढायला पैसा लागतो तो रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतो. सरपंचांनी इथे जोर लावावा. वॉश बेसिनला कोपराने चालणारा नळ, शौचालयाला आधाराचा दांडा, प्रतीक्षेत बसायला बाक आणि पिण्याचं पाणी, एवढ्याने रुग्णांची बरीच सोय होते.

निकाल आणि त्यानंतर

राष्ट्रीय परीक्षकांच्या भेटीनंतर चारपैकी एक निकाल येतो: प्रमाणित, अटींसह प्रमाणित, पुढे ढकललेलं किंवा नाकारलेलं. अटींसह आलं तर खचू नका, दाखवलेल्या त्रुटी मुदतीत भरून पुरावे पाठवायचे असतात. परीक्षणासाठी केंद्राला फी भरावी लागत नाही. प्रमाणित प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला ३ लाख रुपये प्रोत्साहन निधी मिळतो. त्यातला २५ टक्क्यांपर्यंतचा भाग कर्मचाऱ्यांसाठी, बाकीचा केंद्राच्या सुधारणेसाठी.

प्रमाणपत्र ३ वर्षांचं असतं. मधल्या दोन वर्षांत राज्याकडून फेरतपासणी होते आणि पुढचा निधी तिच्यावर अवलंबून असतो. नेमका याच काळात ठरावीक मुदतीच्या बंधपत्रावर आलेले डॉक्टर निघून जातात, सिस्टरांची बदली होते. आषाढीला पंढरपूरची ड्युटी लागली की केंद्रातले अर्धे हात तिकडे असतात. म्हणून गुणवत्तेची फाइल एका माणसाच्या कपाटात ठेवू नका. पदभार देताना निर्देशांकांचे तक्ते, परवान्यांच्या मुदती आणि अपूर्ण कामांची यादी सहीनिशी सोपवा, आणि पुनर्प्रमाणनाचा प्रस्ताव मुदत संपायच्या काही महिने आधीच जिल्ह्याकडे पोचवा.