पिशवी फाटकाशी, सायकल आत

फेब्रुवारीतला रविवार, पहाटेचे साडेपाच. साताऱ्यात सायकल फेरी निघायची होती आणि शाहू स्टेडियमच्या फाटकाशी पिशव्यांचा ढीग लागला होता. शाळेची दप्तरं, लॅपटॉपच्या सॅक, पाण्याची नळी बाहेर लोंबणाऱ्या दोन-तीन महागड्या पाठपिशव्या आणि सगळ्यांत वर एक खाकी शबनम. शबनम आमच्या गटातल्या काकांची. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, सायकल जुनी, काळी, चेनकव्हरवाली. फाटकावरच्या स्वयंसेवक मुलीने त्यांना अडवलं.

"काका, पिशवी आत न्यायची नाही."

"अगं बाळ, पंक्चरचं सामान हाय त्यात. आन दोन धपाटी."

"कळतंय हो, पण वरून सांगितलंय. सुरक्षेचं कारण आहे."

काकांनी निमूटपणे शबनम ढिगावर ठेवली. ढिगाला पावती नाही, नंबर नाही. स्पर्धा परीक्षेच्या केंद्राबाहेर झाडाखाली असते तशी सगळी भगवानभरोसे व्यवस्था. "वरून" म्हणजे कुठून, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. नियम मात्र बराच लांबून आलेला आहे आणि येताना त्याचा अर्धा भाग वाटेत सांडला आहे.

मुळात सायकलस्वाराने सामान जवळ बाळगायचं नाही, ही कल्पनाच नवी. शंभर वर्षांपूर्वी नेमकं उलटं होतं. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीच्या सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रांत खेळाडूंच्या खांद्यांवरून जादा टायर जानव्यासारखे आडवे गेलेले दिसतात. आपलं सामान आपण वाहायचं, दुरुस्तीही आपणच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही, असा कडक दंडक होता. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ या खेळाडूचा पुढचा फोर्क (चाक धरणारी बेचकी) तूरमाले घाटात मोडला. तो सायकल खांद्यावर मारून डोंगर उतरला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने फोर्क जोडला आणि पुढे निघाला. दोन्ही हात कामात असल्यामुळे भाता मारायला त्याने एका पोराला बसवलं होतं. ही बाहेरची मदत झाली म्हणून त्याच्यावर वेळेचा दंड बसला. भात्याची ही गोष्ट ऐकल्यावर आमचे काका म्हणाले, "मंग बरोबरच हाय की. नियम म्हंजे नियम."

स्वावलंबनाचा तो बाणा ब्रेव्हे प्रकारच्या लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासांत आजही टिकून आहे. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस हा साधारण १२०० किलोमीटरचा प्रवास १८९१ पासूनचा, आणि आता त्याची कमाल मुदत ९० तासांची. आपल्याकडे पुण्याहून हमरस्त्याने साताऱ्याकडे येऊन परतणारी ब्रेव्हेवाली मंडळी दिसतात, तीही सीटखाली, दांड्याला, हँडलला पिशव्या बांधूनच. तिथे पिशवी नसलेला माणूसच बेजबाबदार ठरतो.

शहरातली हजारोंची सायकल फेरी हा वेगळा प्रकार. हिची सगळ्यांत ठळक जागा म्हणजे न्यूयॉर्क. तिथल्या फाइव्ह बरो टूरची सुरुवात १९७७ साली जेमतेम अडीचशे सायकलींनी झाली. पुढे संख्या वाढत वाढत ३२,००० वर गेली. खालच्या मॅनहॅटनमधून निघायचं, ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिन करत स्टेटन आयलंडला पोचायचं. अंतर ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यातल्या व्हेराझानो पुलावर एरवी सायकलला परवानगी नाही, या दिवशी मात्र तो सायकलींचा. अनेक वर्षं लोक या फेरीत पाठीवर सॅक टाकूनच यायचे. सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या टोकाला म्हटल्यावर स्वेटर, खाणं, कुलूप ठेवणार कुठे?

मग १५ एप्रिल २०१३ उजाडला. बोस्टन मॅरेथॉनच्या समाप्तीरेषेजवळ दोन स्फोट झाले. प्रेशर कुकरमध्ये भरलेले बाँब पाठपिशव्यांत घालून गर्दीत ठेवलेले होते. तीन जण मरण पावले, अडीचशेहून अधिक जखमी झाले आणि त्यांतल्या कित्येकांचे पाय गेले. न्यूयॉर्कची सायकल फेरी होती ५ मे रोजी, मध्ये उणेपुरे वीस दिवस. फेरी रद्द झाली नाही. मात्र पाठपिशव्या, पाठीवरचे पाण्याचे पॅक आणि कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पॅनिअर पिशव्या यांना बंदी आली. त्याच वर्षीच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्येही पाठीवर पाणी नेता आलं नाही, आणि २०१४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना पाठपिशव्या बंद झाल्या. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने २०१३ च्याच हंगामापासून मैदानांत पारदर्शक पिशवीची सक्ती केली. मापही ठरवून दिलं: १२ इंच रुंद, १२ इंच उंच, ६ इंच खोल.

पिशवीचं भय त्याआधी नव्हतं असं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी सार्वजनिक बागेत बाकाखाली ठेवलेल्या सॅकमध्येच बाँब होता. २००४ मध्ये माद्रिदच्या आणि २००५ मध्ये लंडनच्या गाड्यांतही पाठपिशव्याच वापरल्या गेल्या. पण त्या घटनांनंतर भर राहिला तो बेवारस पिशवीवर. खांद्यावरची पिशवी संशयातून सुटत होती, कारण तिला मालक होता. बोस्टननंतर मालक असलेली पिशवीही फाटकावर अडू लागली. माझ्या मते खरा फरक पडला तो इथे.

आणि यात संशयापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. एक पिशवी उघडून, चाचपून, बंद करायला दहा सेकंद धरा. (काकांच्या शबनमला जास्त लागतील, तिला कप्पेच कप्पे.) पाच हजार पिशव्यांना पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास. दहा जण तपासायला बसवले तरी सुमारे दीड तास, आणि सायकलवाले तर सगळे शेवटच्या वीस मिनिटांत येतात. मोठ्या फेरीला हे परवडत नाही. पिशवीच नको म्हटलं की प्रश्न मिटला. पारदर्शक पिशवी हा याच गणिताचा दुसरा तोडगा: उघडायला नको, नजरेनेच तपासणी.

या गोष्टीतला विनोद असा, की पाठीवरचा पाण्याचा पॅक जन्माला आला तोच एका सायकल फेरीत. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स गावात १९८२ पासून ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात शंभर मैलांची फेरी होते. १९८९ साली रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मायकेल आयडसन नावाच्या सायकलस्वाराने सलाइनची पिशवी पाण्याने भरून लांब मोज्यात घातली, मोजा अंगातल्या कपड्याला पाठीवर अडकवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवली. कॅमलबॅक ही कंपनी त्यातून उभी राहिली. उन्हात हँडलवरचा हात न काढता पाणी पिता यावं म्हणून निघालेली युक्ती. चोवीस वर्षांनी तिलाच सायकल फेरीच्या फाटकावर थांबवण्यात आलं.

आपल्याकडचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला आहे. मे १९८५ मध्ये दिल्लीत ट्रान्झिस्टर बाँब फुटले आणि पडलेला रेडिओ उचलायचा नाही, हे पोरासोरांनाही कळलं. १२ मार्च १९९३ ला मुंबई हादरली. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर "बेवारस वस्तूंना हात लावू नका" ही घोषणा ऐकत आमची पिढी वाढली, इतकी की महाबळेश्वर गाडीच्या घोषणेसारखीच ती कानाआड जायची. पुढे १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यातल्या जर्मन बेकरीत ठेवून दिलेल्या सॅकने सतरा जणांचा जीव घेतला. साताऱ्यातल्या अर्ध्या घरांतली मुलं पुण्यात शिकायला किंवा नोकरीला. त्या रात्री इथले फोन किती खणखणले असतील, ते कुणाला सांगायला नको.

पण आपल्याकडे पिशवीइतकीच बदनाम झाली ती सायकल. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला, जयपुरात १३ मे २००८ ला, पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर १ ऑगस्ट २०१२ ला आणि हैदराबादच्या दिलसुखनगरात २१ फेब्रुवारी २०१३ ला स्फोटकं ठेवायला सायकली वापरल्या गेल्या. दिलसुखनगर म्हणजे बोस्टनच्या दोन महिनेही आधी नाही. कारण सरळ आहे. स्वस्त वाहन, नंबरप्लेट नाही, नोंदणी नाही आणि बाजारात कुठेही टेकवून ठेवली तरी कुणी वळून बघत नाही. तेव्हा आपल्या घटनांवरून नियम करायचा झाला असता, तर तो सोडून दिलेल्या सायकलींचा झाला असता: उभ्या कुठे करायच्या, किती वेळ, कुणाच्या नजरेखाली. आपल्या फेऱ्यांच्या सूचनांत पाठपिशवी आली. सायकल कुठे लावायची याची ओळ मला अजून तरी दिसलेली नाही. त्या रविवारीसुद्धा स्टेडियमच्या भिंतीला पंचवीस-तीस बेवारस सायकली टेकलेल्या होत्या.

पाण्याच्या बाटलीची बंदी हा आणखी एक धागा, आणि त्याचा बाँबशी संबंध नाही. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांच्या बाटल्यांनी बंद पाडला, आणि ५ ऑक्टोबर २०१५ ला कटकला बाटल्यांमुळेच सामना मध्येच थांबवावा लागला. क्रिकेटच्या मैदानांवर बाटली अडवली जाते ती फेकली जाईल म्हणून. हा नियम प्रेक्षकासाठी. तो जसाच्या तसा सायकल फेरीच्या पत्रकात चिकटवला, तर ज्याला पाणी लागणारच त्याच्या हातून पाणी निघतं. आमच्या फेरीत सायकलच्या दांड्यावरचा सिपर चालला, एवढं नशीब. पण काकांच्या सायकलला सिपरचा पिंजराच नाही. त्यांची बाटली पिशवीत, आणि पिशवी ढिगावर.

कायद्याचं म्हणाल तर जिल्ह्यात सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. शस्त्रं, सोटे, भाले, तलवारी, काठ्या, दगड अशी त्यांची भाषा असते. टायर काढायची पट्टी किंवा षट्कोनी पान्यांचा जुडगा त्या यादीत मी तरी वाचलेला नाही. फेरीचा पिशवीबंदीचा नियम बहुतेक वेळा आयोजकांच्या पत्रकातला असतो, आणि पत्रकं एकमेकांवरून उतरवली जातात.

उतरवताना काय सांडलं, ते न्यूयॉर्कची जुळणी पाहिली की कळतं. तिथे पिशवी काढून घेतली खरी, पण वाटेत ठरावीक अंतरावर विश्रांतीचे थांबे, पाणी, खाणं आणि दुरुस्तीवाले असतात. सीटखालच्या छोट्या पिशवीला मुभा होती, म्हणजे जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ राहतात. मॅरेथॉनवाल्यांनी नंबर लावलेली पारदर्शक पिशवी देऊन सामान सांभाळायची जबाबदारी घेतली. आमच्याकडे धावण्याच्या शर्यतींत ही शिस्त आलेली आहे. यवतेश्वर घाटातून दर वर्षी होणाऱ्या हिल मॅरेथॉनमुळे पाण्याची टेबलं, संत्र्याच्या फोडी, रुग्णवाहिका कुठे उभ्या करायच्या हे सातारकरांना चांगलं ठाऊक आहे. पण धावणाऱ्याचं पंक्चर होत नाही. सायकल फेरीचे आयोजक तीच जुळणी घेऊन उभे राहतात आणि तिथे फसतात.

आमचीही फसली. पोवई नाका, राजपथ, मोती चौक, समर्थ मंदिर इथपर्यंत मजेत झालं. यवतेश्वर घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर माझं मागचं चाक बसलं. जादा ट्यूब माझ्या सॅकमध्ये, सॅक स्टेडियमच्या फाटकाशी. पत्रकातल्या मदत क्रमांकावर फोन लावला. "टेम्पो पाठवतो" असं उत्तर आलं. कठड्यावर बसून खालचं सातारा बघत राहिलो. समोर अजिंक्यतारा, पायथ्याशी गाव नुकतं उजेडात येत होतं. वीस मिनिटं गेली, तीस गेली. दुधाची किटली लावलेली मोटारसायकल थांबली. त्याने विचारपूस केली, पण पंक्चरचं दुकान नऊशिवाय उघडत नाही एवढंच तोही सांगू शकला.

पस्तिसाव्या मिनिटाला काका आले, सायकल हातात धरून, चालत. घाट ते चालतच चढतात. चाक पाहिलं, सायकल उलटी केली, वाकून स्वतःच्या धोतराच्या कनवटीला हात घातला. रुमालाच्या पुरचुंडीतून निघालं: रबराचे दोन तुकडे, काचकागद आणि पिळून चपटी झालेली सोल्युशनची नळी.

"पट्ट्या नाहीत काका, टायर काढणार कशाने?"

काकांनी खिशातून स्टीलचा चमचा काढला. धपाटी पिशवीत राहिली होती, दह्याचा चमचा मात्र खिशात होता. टायर निघालं, ठिगळ बसलं. हवा भरायचा पंप तेवढा आमच्यापाशी नव्हता. तो टेम्पोबरोबर आला, अजून वीस मिनिटांनी.