चिगोलीचा चंद्र

रोममधील सांता मारिया माज्जोरे या बॅसिलिकेतील पाओलिना चॅपेलच्या घुमटावरचे मरियामातेचे भित्तिचित्र. पोप पाचवा पॉल याच्या आदेशावरून लोदोविको कार्दी ऊर्फ चिगोली (१५५९–१६१३) या तोस्कानी चित्रकाराने ते १६१० ते १६१२ या काळात रंगवले. मरियेच्या पायाखालच्या चंद्रामुळे ते विशेष ओळखले जाते. हा चंद्र खडबडीत आहे. त्यावर खळगे आहेत आणि उजेड-अंधाराची सीमारेषा दातेरी आहे.

‘सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र असलेली स्त्री’ हे वर्णन बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातले. ती स्त्री म्हणजे मरिया, असा अर्थ लावून चित्रकार तिला नितळ चंद्रकोरीवर उभी करत. त्याला अरिस्टॉटलच्या मताचाही आधार होता: आकाशातील गोल परिपूर्ण, त्यांच्यावर ओरखडाही नाही. मरियेच्या निर्मळपणाला अशी कोर शोभून दिसे. मराठीत चंद्रावरच्या डागाला ‘कलंक’च म्हणतात, त्यामुळे निष्कलंक मरिया आणि सकलंक चंद्र यांच्या जोडीतली गंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

१६०९च्या अखेरीस गॅलिलिओने सुमारे वीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला. अंधाऱ्या भागात, सीमारेषेपासून दूर, प्रकाशाचे सुटे ठिपके चमकत होते. हळूहळू ते वाढून उजळ भागाला मिळाले. पहाटे दरी अंधारात असतानाच डोंगरमाथ्यावर ऊन पडते, तसेच हे आहे, हे त्याने ओळखले. ठिपक्याचे सीमारेषेपासूनचे अंतर घेऊन काटकोन त्रिकोणाच्या साध्या भूमितीने त्याने डोंगरांची उंची चार मैलांहून अधिक काढली. त्याच्या काही महिने आधी इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटनेही दुर्बिणीतून चंद्र रेखाटला होता, पण त्याला डोंगर उमगले नाहीत. गॅलिलिओची दुर्बीण अधिक चांगली होती हे खरेच. पण छायाप्रकाशातून उंचसखलपणा वाचण्याची फ्लॉरेन्सच्या चित्रकारांची नजरही त्याच्याकडे होती, आणि ती कमी महत्त्वाची मानता येणार नाही. मार्च १६१० मध्ये व्हेनिसला छापलेल्या छोट्या पुस्तकात त्याने चंद्राची चित्रे दिली.

चिगोली त्याचा जुना मित्र. घुमटाचे काम चालू असताना तो सूर्यावरचे डागही टिपून गॅलिलिओला पत्रातून पाठवत असे. डिसेंबर १६१२ मध्ये रोममधील ‘लिंचेई’ या विद्वत्संस्थेचा संस्थापक फेदेरिको चेझी याने गॅलिलिओला कळवले, की चिगोलीने मरियेच्या पायाखाली तुम्ही शोधलात तसाच चंद्र काढला आहे.

खडबडीत चंद्र सर्वांनाच पटला नव्हता. चंद्राची द्रव्ये कुठे दाट, कुठे विरळ असल्याने तसा भास होतो, पृष्ठभाग मात्र सपाटच आहे, असे वृद्ध जेझुइट गणिती क्लाव्हिउस याचे म्हणणे होते. तरीही हा चंद्र पोपच्या स्वतःच्या चॅपेलमध्ये राहिला. त्याच पाचव्या पॉलच्या कारकिर्दीत, १६१६ मध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी आली. चंद्रावर डोंगर असणे चालून गेले. पृथ्वीचे फिरणे नाही. चिगोलीचा कित्ताही फारसा कोणी गिरवला नाही. सेव्हिलच्या मुरिलोने पुढे कित्येक दशकांनीही मरियेच्या पायाखाली नितळ कोरच रंगवली.