जुनी रिळे प्रोजेक्टरवर लावण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरातील जुनी रिळे डिजिटल करून घेण्यासाठी येणारे ग्राहक आम्हांला बहुधा दोन प्रश्न विचारतात: जुन्या चित्रपटांतील माणसे धावल्यासारखी का चालतात, आणि रीळ एकदा घरच्या प्रोजेक्टरवर लावून पाहायला काय हरकत आहे. दोन्हींची उत्तरे चित्रपटाच्या आरंभकाळात आहेत.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून पहिला खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. तिकीट एक रुपया होते आणि चित्रे सहा. प्रत्येक चित्र जेमतेम मिनिटभराचे, कारण यंत्रात एका वेळी सुमारे १७ मीटरच फिल्म मावत असे. हे यंत्र हँडल फिरवून चालवावे लागे. सेकंदाला साधारण १६ चौकटी (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे) टिपल्या जात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर तेवढ्या चौकटींना बरोबर एक फूट लागतो. पुढे बोलपटांमुळे २४ चौकटींचा वेग कायम झाला आणि त्या वेगाने दाखवलेली मूकपटातील माणसे धावू लागली. म्हणूनच आम्ही कोणत्याही रिळाचा वेग आधी ठरवून टाकत नाही, तर चालणाऱ्या माणसाची पावले पाहून तो निश्चित करतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेऱ्यासोबत फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले, कारण तेव्हा कच्ची फिल्म भोके न पाडलेलीच मिळत असे. हे काम अंधारातच करावे लागे आणि त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता, हे आम्ही आवर्जून नमूद करतो, कारण भोक किंचित जरी सरकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता.

त्या काळची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाची असे. ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातूनच बाहेर पडतो. चित्रपटगृहांत प्रोजेक्टरसाठी स्वतंत्र, आगीला दाद न देणारी केबिन आली ती याच भीतीपोटी, आणि भारतात १९१८ च्या कायद्याने चित्रपटगृहांना परवानाही सक्तीचा केला.

घरगुती १६ आणि ८ मिलिमीटरची रिळे सहसा नायट्रेटची नसतात, त्यामुळे त्यांच्याबाबत आगीची ही धास्ती नको. मात्र डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. अशी फिल्म आकसते, तिची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत आणि ती कडेने फाटत जाते. असे रीळ प्रोजेक्टरवर लावू नये, डब्यासह आमच्याकडे आणावे. १९५० च्या सुमारास किंवा त्याआधीचे ३५ मिलिमीटरचे रीळ असल्यास ते टपालाने किंवा कुरिअरने न पाठवता, उन्हापासून आणि गॅसपासून दूर ठेवून प्रथम आम्हांला कळवावे.