सुधारित भात की संकरित भात? खरा फरक दुसऱ्या हंगामात कळतो

जास्त उत्पादन देणारं भाताचं कुठलंही नवं बी असो, बहुतेक जण त्याला सरसकट ‘हायब्रिड’ म्हणून मोकळे होतात. पण या एका शब्दाखाली दोन वेगळी बियाणी मोडतात. एक सुधारित, म्हणजे सरळ वाण, दुसरं संकरित. थोडी जमीन आणि बेताचा पैसा असलेल्या शेतकऱ्याला ही गल्लत महागात पडते. पहिल्या हंगामात काहीच जाणवत नाही, दुसऱ्यात जाणवतं.

घोळ होतो त्यालाही कारण आहे. संकर दोन्हींच्या मुळाशी असतोच. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला ‘आयआर ८’ हा सुधारित वाण इंडोनेशियाचा उंच ‘पेटा’ आणि तैवानचा बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून निघाला. जुन्या उंच भाताला खत वाढवलं की तो लोळायचा. हा आखूड, ताठ काडीचा भात खत पचवून उभा राहिला. मात्र संकरानंतर पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या निवड केली आणि वाण एकसारखा झाल्यावरच तो शेतकऱ्याला दिला. भात स्वपरागी पीक आहे, परका पराग त्यात क्वचितच शिरतो. त्यामुळे यंदाच्या राशीतलं बी पुढच्या वर्षी पेरलं तरी तेच पीक येतं. वेगळी दिसणारी रोपं वेळीच उपटून टाकली, तर असं घरचं बी तीनेक हंगाम सहज चालतं.

संकरित भातात पैदासकार पहिल्याच पिढीवर थांबतो. दोन वेगळ्या वाणांच्या पहिल्या संततीत जो जोम असतो, तोच विकायचा असतो. त्याच निगराणीत चांगल्या सरळ वाणापेक्षा साधारण १५ ते २० टक्के जास्त उत्पादन मिळू शकतं, आणि ही वाढ थोडीथोडकी नाही. अडचण बी तयार करण्यात आहे. भाताच्या इवल्याशा फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात. लाखो फुलांतले पुंकेसर हाताने कोण काढणार? चीनमध्ये युआन लाँगपिंग १९६४ पासून या प्रश्नामागे होते. १९७० मध्ये त्यांच्या चमूला हैनान बेटावर रानभाताचं एक नर-वंध्य, म्हणजे पराग निकामी असलेलं रोप सापडलं, त्यावरून १९७३ पर्यंत तीन वाणांची पद्धत बसली आणि १९७६ पासून संकरित भात मोठ्या क्षेत्रावर पसरला. या तिघांतला एक वाण नर-वंध्य, दुसरा त्याचं वंध्यत्व टिकवणारा आणि तिसरा संततीत प्रजननक्षमता परत आणणारा. बीजोत्पादनाच्या शेतात नर आणि मादी ओळी शेजारी लावतात, दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी येईल अशा तारखा साधतात आणि पराग उडावा म्हणून दोरी किंवा काठीने ओळी हलवतात. ही वेळ चुकली की दाणे फारच कमी भरतात. हे बी महाग का, याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं. सगळाच विक्रेत्याचा नफा नसतो.

आता या पिकातलं बी ठेवून पेरलं तर? ते उगवतं. संकरित बी वांझ असतं ही समजूत चुकीची आहे, तसंच संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेलं हीसुद्धा. पण दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे पडतात. एक रोप गुडघ्याएवढं तर शेजारचं कमरेएवढं, एक लोंबी पिवळी पडली तरी दुसरी अजून दुधात. कापणी कधी करायची तेच ठरत नाही. गंमत अशी की संकरित पिकाचा दाणा स्वतःच दुसऱ्या पिढीचा असतो, म्हणून एकाच राशीतले दाणे शिजायला थोडे वेगवेगळे निघू शकतात. सुरुवातीच्या संकरित भातांना चवीवरून नावं ठेवली गेली, त्यामागे हेही होतं.

सगळ्यात जास्त चकवणारा भात म्हणजे आफ्रिकेतला ‘नेरिका’. सिएरा लिओनचे शास्त्रज्ञ माँटी जोन्स यांनी आशियाई आणि आफ्रिकी भात या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर साधला. गर्भ प्रयोगशाळेत वाचवून रोपं वाढवावी लागली. इतका दूरचा संकर म्हणजे हायब्रिडच, असं कोणालाही वाटेल. पण नेरिका पिढ्यांमागून पिढ्या स्थिर केलेला सरळ वाण आहे, त्याचं बी घरी ठेवता येतं. २००४ चा जागतिक अन्न पुरस्कार जोन्स आणि युआन या दोघांना विभागून मिळाला.

मग गरीब देशातल्या शेतकऱ्याने काय निवडावं? पाणी हुकमी, खत वेळेवर, बी दरवर्षी मिळण्याची खात्री आणि भाताला बऱ्यापैकी भाव, एवढं असेल तर संकरित भात खर्च भरून काढतो. बी कमी लागतं ही त्याची जमेची बाजू: लावणीच्या सरळ भाताला हेक्टरी ४० ते ६० किलो लागतं, याला १५ ते २० किलो. पण पूर आला, रोपवाटिका वाहून गेली की पुन्हा पदरचे पैसे मोजून पिशवी आणावी लागते, आणि ती ऐन हंगामात मिळेलच असं नाही. घरची कणगी अशा वेळी उपयोगी पडते. शिवाय सरळ वाणही मागे राहिलेले नाहीत. ओडिशातल्या ‘एफआर १३ ए’ या जुन्या भाताचा बुडूनही तगण्याचा गुण ‘स्वर्णा’ या सरळ वाणात आणून तयार केलेला ‘स्वर्णा-सब १’ २००९ मध्ये भारतात आला. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा फुटतो आणि त्याचं बी ठेवता येतं. जिथे रस्ते, कर्ज आणि बियाण्याचा पुरवठा बेभरवशाचा आहे, तिथे आधी चांगला सरळ वाण आणि शुद्ध बी, संकरिताचा विचार नंतर, असं माझं मत आहे.

हा फरक पुढेमागे पुसलाही जाईल. फलनाशिवाय, आईची हुबेहूब नक्कल असलेलं बी भातात तयार करता येतं, हे २०१८ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं. सुरुवातीला थोडेच दाणे असे निघत, पुढच्या प्रयोगांत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. ते शेतापर्यंत पोचलं, तर संकरित भाताचं बीही कणगीत ठेवता येईल.