शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्र्यालाही लस लागते

“आपला कुत्रा आखाडा सोडून कुठं जात नाही, घरची भाकरी खातो, त्याला रेबीजची लस कशाला?” मराठवाड्यात गावोगाव हे ऐकू येतं. जीव लावलेल्या जनावराबद्दल असं वाटणं साहजिक आहे.

पण रेबीजचा संबंध भाकरीशी नाही. हा विषाणू बाधित जनावराच्या लाळेतून, चाव्यावाटे शिरतो. कुत्रा आखाडा सोडत नसेल, पण रात्री तुरीतून कोल्हा येतो, गावातली कुत्री येतात, आणि राखणीचा कुत्राच आधी त्यांच्या अंगावर धावतो. कानामागं लागलेला बारीक दात केसांत दिसतही नाही. लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याच्या काही दिवस आधीच लाळेत विषाणू आलेला असतो, आणि लेकरं तर त्याच्या गळ्यात पडून खेळतात. लक्षणं दिसल्यावर उपचार नाही.

पिल्लू 3 महिन्यांचं झालं की पहिली लस, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, म्हणजे पुन्हा द्यायचा डोस, साधारण दरवर्षी. खात्री करायची तर लसीकरणाचं कार्ड काढून बघा: दिलेल्या लसीचं नाव, तारीख, पुढची तारीख. कार्डच नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात विचारा. जंताची गोळी दिली होती, एवढ्यावर थांबू नका. ती लस नव्हे.